रानपोरीची प्रस्तावना

मूल,
जि. चंद्रपूर, ११ जानेवारी २०२४

सौ. ललिता पुंगाटी यांस,
सप्रेम नमस्कार.

चर्र… चर्र… चर्र… सागाच्या वाळल्या पानांवरून कुणी अनवाणी पळत गेलं की असा आवाज होतो. पन्नास वर्षं झाली, पण तो माझ्या कानातून गेलेला नाही. हल्ली ऐकू कमी येतं, फोनवर तर काहीच कळत नाही. ती पानं मात्र अजून स्वच्छ वाजतात.

तुमची माझी ओळख नसताना पत्र असं पानांवरून सुरू केलं, याचा राग मानू नका. मी इस्तारी शेंडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९७३ ते ७८ तुमच्याच भामरागडकडे, पामुलगौतम नदीच्या काठच्या एका शाळेत होतो. तेव्हा गडचिरोली वेगळा नव्हता, सगळा एकच चांदा जिल्हा. आल्लापल्लीपासून पुढे रेंगीत बसून जावं लागे, आणि बैल थांबले की आपणही थांबायचं. कुडाच्या भिंती, मातीचा ओटा, आणि समोर बावीस मुलं. मी कवितेला चाल लावायचो आणि मुलं अर्थ न कळताच ती अशी उचलायची, की नदीपलीकडचे लोक मोहाच्या टोपल्या खाली ठेवून ऐकत.

तिथून परत आल्यावर मी मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं, ‘रानात पहिला दिवा’. १९८१ साली छापलं. मैदानातलं एक कुटुंब बैलगाडीत संसार घालून घनदाट रानात जमीन कसायला जातं. बारा वर्षांचा विनय वाघाला भीत नाही. त्याची बहीण मालू रोज संध्याकाळी दारात दिवा घेऊन त्याची वाट पाहते. रानातली एक पोर त्यांना भेटते आणि शेवटी ‘भारत’ हा शब्द बोलायला शिकते. त्यातलं गाणं एकेकाळी पुष्कळ शाळांत म्हटलं जाई:

रान हटवू, वाट काढू,
काळोखाला दूर धाडू;
मुक्या मुखाला बोल देऊ,
रानी पहिला दिवा लावू.

माझा जुना विद्यार्थी विनोद आता चंद्रपुरात पुस्तकं छापतो. तो नवी आवृत्ती काढायला तयार आहे, पण म्हणतो, “गुरुजी, आता जमाना बदलला. पुढं रानातल्या माणसाचे दोन शब्द पाहिजेत, त्याशिवाय मी छापत नाही.” शिक्षकांच्या मासिकात तुमचा माडिया मुलांच्या खेळांवरचा लेख वाचला होता, म्हणून ही विनंती. तुम्ही प्रस्तावना लिहाल? आम्हाला मूलबाळ नाही. मागं राहील तर हे पुस्तकच.

माझी पत्नी वच्छला हिला हे पुस्तक कधी फारसं रुचलं नाही, हेही सांगून टाकतो. पुस्तकाची प्रत सोबत आहे.

आपला,
इस्तारी शेंडे



वेडमटोला, ता. भामरागड,
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय गुरुजी,
नमस्कार.

पुस्तक मिळालं. आमच्याकडे टपाल आठवड्यातून एकदा येतं, आलं तर.

प्रस्तावना लिहिण्याआधी चौथीच्या वर्गात पुस्तक मोठ्यानं वाचलं. पाच दिवस लागले. गाणं मुलांना लगेच पाठ झालं, चाल त्यांनी आपली आपणच लावली. वाघ आला तेव्हा सगळी पुढं सरकून बसली. तुम्हाला गोष्ट सांगता येते, गुरुजी.

पण मग प्रश्न सुरू झाले. रीना म्हणाली, “बाई, मालू साऱ्या पुस्तकात दारातच उभी काऊन? पाय नाई दुखत का तिचे?” मी म्हटलं, भावाची वाट पाहते. तर म्हणते, “मंग पाणी कोन आणते? सरपन कोन आणते? तिच्या घरी जादू हाये का?” वर्ग हसला. मग दसरू उठला. हा एरवी बोलत नाही. त्यानं विचारलं, “रान हटवलं तं आमी कुठी राह्याचं?”

आणि जयानं विचारलं, त्या रानपोरीचं नाव काय? मी पानं पुन्हा चाळली. विनयला नाव आहे, मालूला आहे, त्यांच्या कुत्र्यालाही आहे. तिला नाही. बोलतही नाही ती, शेवटच्या एका शब्दापर्यंत.

गुरुजी, तुमचा अपमान करायचा नाही. पण मला लगेच लिहिता येणार नाही. एक विचारते. सातव्या प्रकरणात विनय तिला कैरी देतो, ती कैरी फेकून पळते, आणि तुम्ही लिहिलंय, “प्रेमानं दिलेलं घेणंही तिला ठाऊक नव्हतं.” मग विनय एकटा रानात जाऊन तिला परत आणतो. हे कल्पनेतलं आहे, की असं काही घडलं होतं?

बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना पुस्तक का रुचलं नाही, ते कळलं तर बरं होईल.

आपली,
ललिता पुंगाटी



मूल,
१४ फेब्रुवारी २०२४

सौ. ललिताबाई,
स. न.

पत्र दोनदा वाचलं. मग हसू आलं. मालूचे पाय! त्रेचाळीस वर्षांत एकाही समीक्षकाला ते दिसले नव्हते. रीनाला माझ्याकडून शाबासकी द्या.

पण बाई, काळ पाहा. आम्ही नुकत्या स्वतंत्र झालेल्या देशाची पोरं. शाळेत शिकवलेल्या प्रत्येक कवितेत पहाट होत असे. वाटायचं, आपण कंदील घेऊन निघालोय आणि पुढं सगळा अंधार आहे. त्या अंधारात कुणाची घरं असतील, त्यांच्याही चुली पेटत असतील, असं मनातच येत नसे. चिमूरला बेचाळीस साली देशासाठी उठलेल्या लोकांच्या गोष्टी ऐकत वाढलो. आपल्या वाट्याला तसं काही आलं नाही, याची हळहळ होती. मग बदलीचा हुकूम आला भामरागडचा आणि मला वाटलं, हीच आपली लढाई.

तो प्रसंग खरा आहे. शाळेजवळच्या झाडाच्या पहिल्या कैऱ्या मी स्वतः चढून काढल्या होत्या. मुलांनी कविता सुरेख म्हटली म्हणून बक्षीस. सगळ्यांनी घेतल्या आणि हातात धरून बसली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीनं मात्र माझ्यासमोर ती फेकून दिली. मी तिची समजूत घातली, तरी ती पळाली. वाळल्या सागावरून पळण्याचा तोच आवाज. पुढं ती शाळेत परत आली. मी शिक्षकाच्या जागी विनयला घातलं, कारण मुलांच्या गोष्टीत नायक मुलगाच हवा.

एवढ्यानं तुमचं समाधान व्हावं. विनोद मे महिन्यात छपाई धरणार म्हणतो.

तुमचा नमस्कार वच्छलाला सांगितला.

आपला,
इस्तारी शेंडे



वेडमटोला,
९ मार्च २०२४

आदरणीय गुरुजी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये गावी जाऊन आले, आईकडे.

त्या मुलीचं नाव नीला. नीला ही माझी आई.

तुमचं पहिलं पत्र आणि पुस्तक वाचताना मनात आलं होतं, पण खात्री नव्हती. आईनं लहानपणी सांगितलेल्या गोष्टीतही एक मास्तर होता आणि एक कैरी होती, फक्त ती गोष्ट वेगळी होती. म्हणून तुमचं पुस्तक घेऊन गेले. आई मोहफुलं वेचायला पहाटे जाते, परत आल्यावर अंगणात बसून तिला सातवं प्रकरण वाचून दाखवलं. ती मध्येच फुलं निवडायची थांबली. मग म्हणाली, “त्या मास्तरले विचार, मले मुकी काऊन केलं? मी तं लय बोलत होती. वर्गात बोलते म्हनून रोज मले उभी करे.”

तिनं सांगितलेलं तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. आमच्यात मरका पंडुम होईपर्यंत नवा आंबा तोंडात घालत नाहीत. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. पहिलं फळ गावदेवाला, मग गेलेल्या वाडवडिलांना, मग जित्या माणसाला. त्याआधी कुणी खाल्लं तर साऱ्या गावावर संकट येतं असं मानतात. सगळी मुलं म्हणूनच हातात धरून बसली होती. कुणाला सांगता आलं नाही. आई सांगायला उभी राहिली, तर तुम्ही म्हणालात, आधी खा, मग बोल. तिनं फेकली. आणि गुरुजी, तुम्ही समजूत घातली नाही. छडी मारली. उजव्या हातावर तीन.

शाळेसाठी ती नातेवाइकांकडे राहायची; तिथं न जाता पळाली ती अकरा किलोमीटर, थेट आपल्या गावी. तिसऱ्या दिवशी तिला घ्यायला कुणीतरी आलं. ते तुम्ही नव्हता. “मास्तर नाई आला, बाई आली,” आई म्हणते. “एकटी. लुगड्याचा काष्टा मारून, हाती चपला. रस्ता पुसत पुसत. माह्या बापाले वाटलं, ही बाई भटकली.” बाईंना माडिया येत नव्हती, घरच्यांना मराठी येत नव्हती. त्या चार दिवस राहिल्या. धान कांडलं, नदीवर आल्या, मासे धरले. पंडुम झाला, पेरमानं, म्हणजे आमच्या गावपुजाऱ्यानं, देवाला आंबा वाहिला. मग बाईंनी आईच्या शेजारी बसून कैरी खाल्ली आणि तिला घेऊन निघाल्या. पुढं आई वाचायला शिकली ती वर्गात नाही, तुमच्या घरामागच्या चुलीपाशी. तिचा पहिला शब्द ‘भारत’ नव्हता. ‘मीठ’ होता. “बाईच्या भाजीत मीठ जास्त राहे,” असं अजून हसून सांगते. ती शिकली म्हणून मी शिक्षिका झाले.

अजून एक. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे, की तुम्ही दोघंही तळ्यावर मासे धरणाऱ्या घरचे. तुमच्या पुस्तकात मासा धरणारं एकही माणूस नाही, गुरुजी. विनयचं कुटुंब कुठून आणलंत? ते तर पुण्याच्या भाषेत बोलतात.

मला प्रस्तावना लिहायची नव्हती. पण आई म्हणाली, “तू नोको ठरवू. बाईले विचार. बाई म्हनन छापा, तं लिहून दे. बाई नाई म्हनन, तं नाई.” तेव्हा बाईंना विचारून कळवा.

ललिता



मूल,
२२ मार्च २०२४

चि. ललिता,
अनेक आशीर्वाद.

नीलाची मुलगी! आता तुला ‘तुम्ही’ कसं म्हणू?

तीन छड्या. बरोबर आहे. तीनच. मी पन्नास वर्षं एक म्हणून लक्षात ठेवली, आणि तुला लिहिताना तीही खोडली.

ती पळाल्यावर मी दारात उभा राहिलो. वाटलं, येईल संध्याकाळी. मग वाटलं, उद्या येईल. अंगणाच्या पुढं पाऊल पडेना. खरं सांगायचं तर भ्यालो होतो. वाघाला नव्हे, तिच्या बापाला. वच्छला तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधताना म्हणाली, “तुमी नाई जात तं मी जातो. पोरगी हाये ते कोनाची तरी.” आणि गेली. पुढचे चार दिवस मी दारातच होतो. संध्याकाळी कंदील घेऊन. मालू कोण, ते आता तुला कळलं असेल.

लिहायला बसलो तेव्हा मात्र तिचं चालणं विनयला दिलं आणि माझं उभं राहणं मालूला. मुद्दाम केलं असंही नाही. पुस्तकात बाई रानात गेलेली मी कधी वाचलीच नव्हती. पुस्तकातली आई मासे विकताना वाचली नव्हती. माझी आई मूलच्या बाजारात टोपली घेऊन बसे, आणि मी शाळेतून येताना दुसऱ्या गल्लीनं जाई. ज्या पुस्तकांवर मी जीव टाकला, त्यांत आमच्यासाठी जागा नव्हती. मग स्वतःचं पुस्तक लिहिलं, तर त्यातही आम्हाला बाहेरच ठेवलं, आणि तुझ्या आईला तर मुकी केलं.

आता नव्यानं लिहिणं व्हायचं नाही. हात कापतो, दुपारनंतर अक्षर दिसत नाही. पुस्तक आहे तसं राहू दे, पण तू प्रस्तावनेत हे सगळं लिही. छड्या लिही, पंडुम लिही. मी एक अक्षर खोडणार नाही.

वच्छलाला विचारलं. छापा म्हणाली.

तुझा,
इस्तारी गुरुजी



वेडमटोला,
२५ एप्रिल २०२४

आदरणीय गुरुजी,

निवडणुकीची ड्युटी आटोपून परवा परतले. प्रस्तावना विनोदभाऊंना पाठवली आहे, तिची नक्कल तुम्हाला. नाव दिलंय, ‘मी मुकी नव्हते’. आईच्या तोंडून लिहिली. ती सांगत गेली, मी उतरवत गेले. मधेमधे भांडणही झालं. मी छडीचा प्रसंग जरा लांबवला होता, तर म्हणाली, “काट ते. मास्तर वाईट नोहता, घाबरट होता.” माफ करा, पण तिनं ते वाक्य ठेवायला लावलं.

बाईंनी होकार दिला हे सांगितलं तेव्हा तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. “छापा म्हणाली.” तीनदा. मग विचारलं, अजून काय म्हणाली? माझी आठवण काढली का? मीठ कमी घालते का आता? तुमच्या पत्रात तेवढंच होतं, मी काय सांगणार. ती म्हणाली, “बाई इतकी कमी नोहती बोलत.”

यंदाच्या पंडुमात आईनं गेलेल्यांची नावं घेऊन आंबा ठेवला. मग म्हणाली, आता जित्यांना भेटलं पाहिजे. बाईंना भेटायचंच म्हणते. मी म्हटलं, सुट्या लागल्या की दोघी येऊ. तुम्हाला चालेल ना?

बाईंना आईचा आणि माझा नमस्कार.

तुमची,
ललिता



मूल,
६ मे २०२४

चि. ललिता,

हे पत्र मी चार दिवस लिहितोय. आज संपवून पेटीत टाकतो, म्हणजे तुम्ही निघण्याआधी मिळेल.

वच्छला नाही. २०१८ च्या दिवाळीनंतर गेली. जेवताना छातीत दुखतं म्हणाली, चंद्रपूरला नेईपर्यंत संपलं होतं.

तू पहिल्यांदा “बाईंना नमस्कार” लिहिलंस, तेव्हाच कळवायला हवं होतं. पण पाच वर्षांत कुणी तिला नमस्कार धाडला नव्हता. मी पत्र हातात घेऊन तिच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हटलं, अगं, भामरागडहून तुला नमस्कार आलाय. घरात एकदम माणूस असल्यासारखं वाटलं. मग तुझ्या प्रत्येक पत्राची वाट पाहू लागलो, त्या एका ओळीसाठी. तोवर त्यात फसवणूक नव्हती, असं मी स्वतःला सांगतो.

पुढचं मात्र खोटं होतं. तुझ्या आईनं निर्णय तिच्यावर सोपवला आणि मी मेलेल्या बाईच्या नावानं होकार लिहून टाकला. पुस्तक हवं होतं म्हणून. तिचं चालणं एकदा घेतलं होतं, आता तिची जीभही घेतली. तुझ्या आईला मात्र संशय आला. बाई इतकी कमी बोलत नव्हती.

तिनं खरं काय म्हटलं होतं ते सांगतो. १९८१ साली पहिली प्रत तिच्या हातात दिली. तिनं दोन दुपारी बसून वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “याच्यात मी कुठी हावो?” मी म्हटलं, मालू आहे की. नंतर भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आन् नीला? ते तं किती बोलत होती.” मी म्हटलं, तुला पुस्तकातलं काय कळतं. त्यानंतर तिनं त्या पुस्तकाला हात लावला नाही.

हे तिचं उत्तर. छापू नका, असंच त्याला म्हणावं लागेल.

काल विनोदला बोलावून घेतलं आणि छपाई थांबवायला सांगितली. तो चिडला. म्हणाला, “गुरुजी, कागद आणून ठेवला. पुस्तकाहून प्रस्तावना भारी हाये, कोनाले कळते बाई हाये का नाई?” मी म्हटलं, मला कळतं. प्रस्तावनेचे कागद परत घेतले आहेत, सोबत पाठवतोय. ते तुझ्या आईचे. माझ्या पुस्तकाच्या पुढं ते लागणार नाहीत. तिला दुसरीकडे द्यायचे असतील तर दे, वहीत ठेवायचे असतील तर ठेव. ते ‘घाबरट’ मात्र काढू नको.

एकच मागणं आहे. तिला हे एकदम सांगू नको. मोहाचा हंगाम आटोपून निवांत बसली असेल तेव्हा सांग. म्हणावं, बाई शेवटच्या वर्षापर्यंत तुझी गोष्ट सांगायची. शेजारच्या पोरींना अक्षर शिकवायला बसली की पहिला शब्द ‘मीठ’ काढून द्यायची. का, ते मी कधी विचारलं नाही. तुझ्या पत्रातून कळलं. आणि मास्तरनं तुला फसवलं, हेही सांग. तू त्याला झाकू नको.

थांब. बाहेर कुणी हाक मारतंय.

खिडकीतून दिसतं ते लिहितो. फाटकाजवळ साठीची एक बाई उभी आहे. डोक्यावर गाठोडं, बसच्या धुळीनं पाय पांढरे झालेले. हाकेला ओ आली नाही म्हणून समोरच्या नागापुरेबाईंना विचारतेय. ऐकू कमी येतं मला, पण तिचा आवाज मोठा आहे.

“शेंडे मास्तरचं घर हेच का? पोरगी म्हने सुट्या लागू दे. मी म्हनलं, थांबाचं कायले, रस्ता पुसत पुसत जातो.”

समोरच्या बाईंनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. फक्त बोट आमच्या घराकडे केलं, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ही थांबलीच नाही. तिनं फाटकाची कडी काढली. अंगणात आली. चपला काढून हातात घेतल्या. ललिता, मला उठलं पाहिजे. पत्र आता टाकण्यात अर्थ नाही, जे लिहिलं ते तोंडानं सांगायचंय, आणि मी अजून खुर्चीतच आहे.

ती दारात आली.

“बाई! ओ बाई! हाव का घरी? मी नीला.”